निम्मे पुरुष, निम्म्या बायका. पण कोण कुठल्या खुर्चीत?

सिनेमा संपला की लोक चपला शोधत दाराकडे निघतात. मी बसून राहते. पडद्यावर खालून वर सरकणारी नावांची यादी शेवटपर्यंत वाचायची मला खोड आहे. वेशभूषा, केशभूषा, रंगभूषा हे विभाग आले की बायकांची नावं दाटीनं येतात. कॅमेरा, प्रकाशयोजना, ध्वनी सुरू झालं की ओळीमागून ओळ पुरुषांची, आणि मधेच एखादं बाईचं नाव. यादी शेवटापर्यंत मोजली तर बायका अगदीच नगण्य नसतात. पण त्या कुठे आहेत, ते सरकत्या ओळी बघितल्याशिवाय कळत नाही.

सांस्कृतिक व्यवसायांतल्या माणसांचे आकडे वाचताना नेमकी हीच गोष्ट होते. युरोपीय संघाची आकडेवारी घ्या. २०२३ साली तिथे संस्कृतीशी संबंधित काम करणारे सुमारे ७८ लाख लोक होते, म्हणजे एकूण नोकरी-व्यवसायातल्या लोकांपैकी ३.८ टक्के. त्यांत बायका निम्म्याच्या जवळ. आता एवढंच वाचलं तर वाटेल की झालं, इथे समानता आलेली आहे. आकडा खोटा नाही. फक्त त्याच्या पोटात काय आहे ते तो सांगत नाही, आणि वयाबद्दल तर त्याहून कमी सांगतो.

आधी, मोजायचं कुणाला?

हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, पण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

कामांचं वर्गीकरण करण्यासाठी जगभर एक यादी वापरतात. ती आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची, आणि तिची सध्याची आवृत्ती २००८ ची. प्रत्येक कामाला चार आकडी क्रमांक. नर्तक आणि नृत्यदिग्दर्शक २६५३, अभिनेते २६५५, ग्रंथपाल २६२२, छायाचित्रकार ३४३१, वाद्यं बनवणारे आणि सुरात लावणारे ७३१२, कुंभार ७३१४. यातले कुठले क्रमांक ‘सांस्कृतिक’ धरायचे ते नंतर ठरतं. युनेस्कोनं २००९ साली त्यासाठी एक चौकट दिली, युरोपची स्वतःची यादी आहे, आणखी देशांच्या आणखी. गंमत म्हणजे छायाचित्रकारांच्या गटातच, दोन-तीन घरं पलीकडे, हॉटेलातले मुख्य शेफ बसलेले आहेत. युरोपच्या यादीत छायाचित्रकार आत आणि शेफ बाहेर. का, यावर एखादा शेफ तासभर भांडेल आणि मी त्याच्या बाजूनं असेन.

यादी बदलली की स्त्री-पुरुषांचं प्रमाणही बदलतं. ब्रिटनचं सरकार ‘सर्जनशील उद्योग’ मोजतं तेव्हा त्यात संगणक आणि सॉफ्टवेअरच्या सेवाही धरतं. तो विभाग प्रचंड मोठा आणि पुरुषांनी भरलेला. तो आत घेतला की बायकांचा वाटा घसरतो, बाहेर ठेवला की वर जातो. एकाही माणसाची नोकरी बदललेली नसते. म्हणून दोन देशांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवून ‘ते पुढे, हे मागे’ असं कुणी म्हणालं, की आधी याद्या एकच आहेत का ते बघावं.

दुसरी भानगड अशी, की सांस्कृतिक काम आणि सांस्कृतिक क्षेत्र या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. या विषयातले लोक त्रिशूळाची उपमा देतात. एक टोक: नाटक कंपनीतली अभिनेत्री. काम सांस्कृतिक, जागाही सांस्कृतिक. दुसरं टोक: मोटारींच्या कारखान्यातला डिझायनर. काम सांस्कृतिक, जागा नाही. तिसरं टोक: नाट्यगृहातली हिशेबनीस. जागा सांस्कृतिक, काम नाही. वरच्या ७८ लाखांत ही तिन्ही टोकं आली. तेव्हा ‘संस्कृतीत निम्म्या बायका’ असं वाचताना त्यातल्या काही तिकीटखिडकीवर आणि हिशेबाच्या टेबलावर आहेत, हेही लक्षात असू द्यावं.

आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यात मोठी: पाहणीत माणसाचं *मुख्य* काम विचारतात. बहुतेक वेळा ज्या कामात जास्त तास जातात ते मुख्य. आठवड्यात वीस तास शाळेत शिकवणारी आणि पंधरा तास चित्रं काढणारी बाई कागदावर शिक्षिका असते. दिवसभर हॉटेलात ताटं उचलून संध्याकाळी तालमीला जाणारा चोवीस वर्षांचा मुलगा कागदावर वेटर असतो. त्याला वर्षा-दोन वर्षांनी पुरेशी कामं मिळायला लागली तर तो अभिनेता म्हणून तक्त्यात अवतरतो. नाही मिळाली तर तो कधीच अभिनेता नव्हता, असं तक्त्याचं म्हणणं पडतं. म्हणजे ‘तरुण अभिनेते’ या रकान्यात दिसतात ते ज्यांचं जमलं ते. धडपडणारे सगळे दुसऱ्याच कुठल्या तरी रकान्यात.

सरासरी कशी फसवते

एक काल्पनिक शहर घेऊ. तिथे चारच सांस्कृतिक व्यवसाय, प्रत्येकात शंभर माणसं. नृत्यात ८० बायका, ग्रंथालयांत ७५, आर्किटेक्टांमध्ये ३०, ध्वनी आणि प्रकाशाच्या तांत्रिक कामात १५. बेरीज करा: ४०० पैकी २०० बायका. बरोबर पन्नास टक्के! आणि तरी त्या शहरात असा एकही व्यवसाय नाही, जिथे बायका आणि पुरुष निम्मे-निम्मे आहेत.

हे मोजायला समाजशास्त्रात एक साधं माप आहे. ओटिस डडली डंकन आणि बेव्हर्ली डंकन या जोडप्यानं १९५५ साली ते चांगलं रूढ केलं. कल्पना अशी: सगळ्या बायकांपैकी किती टक्के नृत्यात, किती ग्रंथालयात वगैरे काढायचं. पुरुषांचंही तसंच. मग प्रत्येक व्यवसायातला फरक घ्यायचा, सगळे फरक मिळवायचे आणि बेरीज निम्मी करायची. आपल्या शहरात नृत्यात बायकांपैकी ४० टक्के आणि पुरुषांपैकी १० टक्के, फरक ३०. ग्रंथालयात ३७.५ आणि १२.५, फरक २५. आर्किटेक्टांत १५ आणि ३५, फरक २०. तांत्रिक कामात ७.५ आणि ४२.५, फरक ३५. बेरीज ११०, निम्मे ५५. अर्थ असा, की बायका-पुरुषांची वाटणी सारखी व्हायची तर ५५ टक्के बायकांना व्यवसाय बदलावा लागेल. एकीकडे ‘पन्नास टक्के’, दुसरीकडे ‘पंचावन्न टक्के’. एकाच शहराची दोन वर्णनं, दोन्ही खरी.

असं वेगवेगळ्या कामांत विखुरलं जाणं म्हणजे आडवी विभागणी. ती निसर्गानं आखून दिलेली आहे असं कुणाला वाटत असेल, तर जपानच्या काबुकी नाट्याकडे बघावं. ते सुरू झालं १६०३ च्या सुमारास, आणि ते सुरू करण्याचं श्रेय एका बाईला, इझुमो नो ओकुनी हिला दिलं जातं. १६२९ साली सत्ताधाऱ्यांनी बायकांना रंगमंचावर बंदी घातली. मग कोवळ्या वयाची मुलं स्त्रीभूमिका करू लागली. १६५२ साली त्यांनाही बंदी. उरले प्रौढ पुरुष. पन्नास वर्षांच्या आत दोन फर्मानांनी एका कलेतलं लिंगही ठरवलं आणि वयही. इंग्लंडमध्ये उलटं झालं. तिथे व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रीभूमिका मुलगेच करत, आणि १६६० नंतर राजवट बदलल्यावर बायका आल्या.

फर्मान नेहमीच लागतं असं नाही. पगाराचा तक्ताही तेच काम करतो. अमेरिकेत मेल्व्हिल ड्यूई यांनी १८८७ साली कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांसाठी पहिली शाळा काढली. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी, त्यांपैकी १७ बायका. विश्वस्तांना हे पसंत नव्हतं. पण ग्रंथालयं भराभर वाढत होती, त्यांच्याकडे पैसा कमी होता, आणि शिकलेल्या बायका कमी पगारात मिळत होत्या. दुसरे बहुतेक दरवाजे त्यांना बंदच होते. तेव्हापासून ग्रंथपालाचं काम ‘बायकांचं’ झालं ते आजतागायत. सिनेमाच्या संकलनाची गोष्ट याच्या उलट दिशेनं गेली. मूकपटांच्या काळात फिल्मच्या पट्ट्या कापणं आणि जोडणं हे शिवणकामासारखं नाजूक हातकाम समजत, आणि कापायच्या खोल्यांत बायका मोठ्या संख्येनं असत. बोलपट आले, यंत्रं आली, संकलनाला प्रतिष्ठा आली, आणि पुरुषही आले. काम तेच, कात्रीही बरीचशी तीच. किंमत बदलली.

पडद्यामागच्या पावलांचा आवाज

उभी विभागणी वेगळी. एकाच व्यवसायात वरच्या पायऱ्यांवर कोण आणि खालच्या पायऱ्यांवर कोण, हा तिचा प्रश्न. अमेरिकेत सॅन दिएगो स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासकांनी १९९८ पासून सर्वाधिक कमाईच्या २५० चित्रपटांची नावं मोजत आणली आहेत. म्हणजे माझीच खोड, पण शिस्तीत. १९९८ मध्ये दिग्दर्शकांत बायका ९ टक्के होत्या, २०२३ मध्ये १६ टक्के. छायालेखनात ४ टक्क्यांवरून ७ टक्के. पंचवीस वर्षांत. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचं ऑस्कर १९२९ पासून दिलं जातं. ते पहिल्यांदा एका बाईला, कॅथरीन बिगेलो यांना मिळालं २०१० साली.

वरच्या पायरीवर पोचण्याची वाट नेमकी कुठे अडते, याचा सगळ्यात जवळून घेतलेला दाखला वाद्यवृंदांतून येतो. अमेरिकेतल्या पाच बड्या वाद्यवृंदांत १९७० च्या सुमारास बायका पाच टक्क्यांहून कमी होत्या. त्या काळात भरतीची पद्धत बदलू लागली. परीक्षक आणि वादक यांच्यामध्ये पडदा टांगायचा, नाव सांगायचं नाही, फक्त वाजवणं ऐकायचं. पण एक अडचण राहिली. लाकडी मंचावर उंच टाचांची टकटक ऐकू येते! मग काही ठिकाणी गालिचा घातला, काही ठिकाणी वादकांना बूट काढायला लावले. कुठे तर व्यवस्थापकानंच पुरुषी बुटांचा आवाज करत सोबत चालायचं, म्हणजे कोण आलं ते कळणार नाही. केवळ सूर ऐकण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला, यातच सगळं आलं.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस त्या वाद्यवृंदांत बायका सुमारे २५ टक्क्यांवर गेल्या. क्लॉडिया गोल्डिन आणि सिसिलिया राउज यांचा यावरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला आणि खूप गाजला. पुढे २०२३ मध्ये गोल्डिन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मात्र एक प्रामाणिक टीप द्यायला हवी. त्या अभ्यासातली पडद्याचा परिणाम दाखवणारी काही आकडेमोड कमकुवत आहे, नमुना लहान आहे, अशी टीका संख्याशास्त्रज्ञांनी नंतर केली, आणि ती बिनबुडाची नाही. वाढलेल्या संख्येत पडद्याचा वाटा नेमका किती आणि संगीतशाळांतून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलींची संख्या वाढल्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. युरोपात तर १८८२ साली स्थापन झालेल्या बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये पहिली स्त्री वादक आली १९८२ साली. बरोबर शंभर वर्षं. व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं बायकांना सभासद करून घेतलं १९९७ मध्ये.

पाच टक्क्यांवरून पंचवीसवर यायला पंचवीसेक वर्षं का लागावीत? इथे वय मधे येतं. वाद्यवृंदात शंभर खुर्च्या आहेत असं समजा. एकदा खुर्ची मिळाली की माणूस तीस-पस्तीस वर्षं उठत नाही. वर्षाला तीन खुर्च्या रिकाम्या होतात. उद्यापासून प्रत्येक दुसरी जागा बाईला मिळाली, तरी वीस वर्षांत साठ खुर्च्या बदलणार आणि त्यांतल्या तीसवर बायका असणार. भरती पूर्ण न्याय्य झाली तरी एकूण आकडा दोन दशकं अन्यायी दिसतो. जिथे लोक टिकून राहतात तिथे आजचं प्रमाण म्हणजे तीस वर्षांपूर्वीच्या भरतीची सावली असते.

वयाचा तक्ता वाचताना

‘सांस्कृतिक कामगारांचं सरासरी वय’ हा आकडा मला जवळजवळ निरुपयोगी वाटतो. कारण नर्तक आणि लेखक यांची सरासरी काढून कुणाचंच वय हाती लागत नाही. पॅरिस ऑपेराच्या बॅले नर्तकांना ४२ व्या वर्षी निवृत्ती मिळते. त्यांची निवृत्तिवेतनाची व्यवस्था चौदाव्या लुईच्या काळातली, १६९८ ची. २०१९ मध्ये सरकार ती बदलायला निघालं तेव्हा डिसेंबरच्या थंडीत नर्तकी ऑपेराच्या इमारतीसमोर उघड्यावर नाचल्या. बेचाळीस म्हणजे लवकर, असं खुर्चीत बसून काम करणाऱ्याला वाटेल. ज्याच्या गुडघ्यांवर वयाच्या आठव्या वर्षापासून रोज सहा तास भार पडला आहे, त्याला विचारा. लेखक, चित्रकार, संगीतकार यांना मात्र निवृत्तीच नसते. एकतर हात चालतो तोवर काम करायची इच्छा असते. आणि दुसरं कारण कमी रम्य आहे: युरोपात सांस्कृतिक कामांतले जवळपास एक तृतीयांश लोक स्वतःच्या जिवावर काम करतात, एकूण कामकऱ्यांत हेच प्रमाण साधारण सातात एक. जो स्वतःचाच मालक असतो, त्याचं निवृत्तिवेतन बहुधा तुटपुंजं असतं. पासष्टीनंतरही यादीत दिसणारे काही लोक हौसेनं आहेत, काही नाइलाजानं. तक्त्यात दोघांची खूण सारखीच.

अभिनयात वय आणि लिंग एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की वेगळे मोजून उपयोग नाही. ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळवलेला सगळ्यात तरुण पुरुष एड्रियन ब्रॉडी, २००३ साली, वय २९. अभिनेत्रींमध्ये सगळ्यात तरुण मार्ली मॅटलिन, १९८७ साली, वय २१. त्यापलीकडे बघा: तिशी गाठण्याआधी अभिनेत्रींनी हा पुरस्कार पंचवीसहून जास्त वेळा जिंकलेला आहे. म्हणजे पुरुषाची नायकपदाची वर्षं जिथे सुरू होतात, तिथे बाईची संपत आलेली असतात. अभिनेत्रींची संख्या अभिनेत्यांइतकी असली तरी हा तक्ता वयोगट पाडल्याशिवाय वाचूच नये.

आता सगळ्यात जास्त चुका जिथे होतात ते. समजा एका व्यवसायात २५ ते ३४ वयाच्या लोकांत ६० टक्के बायका आहेत आणि ४५ ते ५४ मध्ये ४० टक्के. लगेच कुणीतरी म्हणतं, बघा, मुलंबाळं झाली की बायका गळतात. कुणी दुसरं म्हणतं, नाही, पूर्वी बायका कमी यायच्या, आता जास्त येतात, वीस वर्षांत सगळं सरळ होईल. एकाच तक्त्यावरून दोघं बोलतायत आणि तक्ता दोघांनाही होकार देतोय. खरं काय ते कळायला वीस वर्षं जुना तक्ता काढावा लागतो. आज पंचेचाळीस ते चोपन्न वर्षांचे जे आहेत, ते तेव्हा पंचवीस ते चौतीस वर्षांचे होते. तेव्हा त्यांच्यात बायका ४० टक्केच असतील, तर गळती झालेली नाही, पिढी बदलते आहे. तेव्हाही ६० टक्के असतील, तर मधल्या वर्षांत बायका कुठेतरी गेल्या. पहिल्या प्रकारात थांबावं लागतं. दुसऱ्या प्रकारात थांबून काहीच होत नाही, आज आलेल्या मुलीही उद्या जातील.

आणि त्या का जातात हे शोधायला फार खोल जावं लागत नाही. नाटकाचे प्रयोग रात्री असतात, चित्रीकरण बारा-बारा तास चालतं, दौरे आठवड्यांचे असतात, आणि पुढचं काम फोनवर मिळतं. जाहिरात नाही, मुलाखत नाही. ‘तो गेल्या वेळी होता ना, त्यालाच बोलाव.’ दोन वर्षं फोन उचलला नाही की नंबर कुणाच्या लक्षात राहत नाही. गळतीचं वय पस्तिशीच्या आसपास येतं ते या फोनमुळेही. पुरुषांचीही गळती होते, ती पैशामुळे. पण घरी मूल आल्यावर दौरा कुणाचा थांबतो, हे सांगायला पाहणी लागत नाही.

राहिले ते कुठल्याच रकान्यात नीट न बसणारे लोक. क्रमांक ७३१४, कुंभार. माती आणणं, चाळणं, भिजवून मळणं, तयार भांड्यावर रंगाची रेघ ओढणं, भट्टी लावताना भांडी रचून देणं, यातलं बरंचसं काम घरातल्या बायका करतात. चाकावर बसतो तो पुरुष. भांडी विकली जात असतील तर नियमानं त्या बाईचं कामही रोजगारच आहे, घरच्या धंद्यात विनावेतन मदत करणारी व्यक्ती म्हणून तिला मोजायलाच हवं, आठवड्यात एक तास केलं असलं तरी. पाहणीवाला दारात येतो, घरच्या कर्त्या माणसाला विचारतो, घरात कोण काय करतं? तो सांगतो, मी भांडी बनवतो. आणि बायको? ‘ती घरीच असते.’ आत तिचे हात कोपरापर्यंत मातीत असतात. पाहणीवाला ‘घरकाम’ असं लिहितो आणि शेजारच्या दाराकडे वळतो.